अभिजात गोष्ट शिळी ठरवण्याची सोपी पद्धत

थोर कलाकृती जुनी झाली की तिच्यात काही उरत नाही, हे चारचौघांत ठासून सांगता येणं हल्ली गरजेचं झालं आहे. त्याला अभ्यास लागत नाही, सराव लागतो. नवशिक्यांनी एकदम शेक्सपियरवर हात टाकू नये. सुरुवातीला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा १९८९ सालचा व्हिडिओ गेम घ्यावा. आटोपशीर आहे, आणि नव्वदच्या दशकात डॉस शिकण्याच्या निमित्ताने कॉम्प्युटर क्लासला जाऊन जे हाच खेळत बसले, ते आता पन्नाशीच्या आसपास असल्याने वाद घालायला माणसं भरपूर मिळतात.

पायरी १ : चित्रं बघून नाक मुरडा

"काय ते ठोकळे!" एवढं म्हटलं की निम्मं काम झालं. मात्र हे खेळाच्या स्थिरचित्राकडे बघूनच म्हणायचं. राजपुत्र हलायला लागला की पंचाईत होते. जॉर्डन मेकनर या तरुणाने १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, ते व्हिडिओ टेपवर टिपलं आणि एकेक चौकट गिरवून ती हालचाल 'ॲपल टू' कॉम्प्युटरवर उतरवली. तलवारबाजीचे पवित्रे त्याने रॉबिन हूडच्या १९३८ सालच्या चित्रपटातून उचलले. त्यामुळे राजपुत्र कठड्याला बोटांनी लोंबकळतो तेव्हा त्याच्या अंगाला वजन आहे हे दिसतं. आपण न बघितलेलं बरं.

पायरी २ : "कंट्रोल जड आहेत" असं म्हणा

ही तक्रार खरी आहे, म्हणून फार उपयोगी. बटण दाबल्या दाबल्या राजपुत्र उडत नाही. धावत असेल तर थांबायला त्याला दोन पावलं लागतात, आणि तेवढ्यात खाली सुळे असतात. आजच्या खेळांना सवकलेल्या बोटांना हे असह्य होतं. पण माणसाच्या शरीराला थांबायला जागा लागते, आणि ती जागा आधीच हेरून ठेवणं हाच तर खेळ आहे, हे कुणी बोललं की विषय बदला. राजकन्या सोडवायला एकच तास मिळतो, मेलात तरी घड्याळ मागे जात नाही, त्यामुळे घाईही करायची आणि घाईने मरायचंही नाही, हे तर अजिबात काढू नका.

पायरी ३ : "त्या काळात मेमरी तरी किती असायची!" असं कीव आल्यासारखं म्हणा

इथे जपून. बरेच नवशिके इथेच फसतात.

खेळ निम्मा झाल्यावर मेकनरकडची मेमरी संपत आली होती. नवा शत्रू काढायला जागाच नव्हती. म्हणून त्याने राजपुत्राचीच चित्रं एका गणिती युक्तीने पालटून एक झिलमिल सावली तयार केली. चौथ्या पातळीवर आरसा आडवा येतो. त्यातून उडी मारून पलीकडे गेलात की ही सावली तुमच्यातून सुटून उलट्या दिशेने पळते. पुढे तुमच्या वाट्याचं औषध तुमच्यासमोर पिऊन टाकते. शेवटी बाराव्या पातळीवर तलवार घेऊन समोर उभी राहते. तुम्ही वार करता, तिला लागतं, आणि तुमचंही आयुष्य तेवढंच घटतं. तोवर अकरा पातळ्या जो समोर येईल त्याला कापत आलेल्या खेळाडूला इथे तलवार म्यान करून निमूट पुढे चालत जावं लागतं. मग दोघं एक होतात.

संवाद नाही, सूचना नाही. मेमरीच्या टंचाईतून निघालेला हा प्रसंग पस्तीस वर्षांनंतरही पुसट झालेला नाही. प्रचंड खर्च करून २०१० साली हॉलिवूडने याच नावाचा चित्रपट काढला. त्यातला एक प्रसंग सांगा म्हटलं तर लोक डोकं खाजवतात. तेव्हा उपाय एकच : चौथ्या पातळीच्या आत खेळ बंद करा आणि "बघितलं, कळलं" म्हणून उठा.

पायरी ४ : सुधारून मागा

इथपर्यंत आलेल्यांना आता शेक्सपियर चालेल. १६८१ साली नेहम टेट या नाटककाराला 'किंग लिअर' आपल्या काळाला सोसणारं वाटलं नाही. त्याने लिअरच्या मुलीला, कॉर्डेलियाला, जिवंत ठेवून तिचं लग्न लावून दिलं, विदूषकाला काढून टाकलं. इंग्लंडच्या रंगभूमीवर ही आवृत्ती दीडशे वर्षं चालली. १८३८ साली मॅक्रेडी या नटाने मूळचं नाटक परत आणलं. आज टेटचं नाव निघतं ते थट्टेपुरतं.

घरचं उदाहरण हवं तर अजिंठा. भित्तिचित्रं नीट उठून दिसावीत म्हणून एकोणिसाव्या शतकात नकला काढणाऱ्यांनी त्यांवर व्हार्निश चढवलं, पुढे दुरुस्तीवाल्यांनीही चढवलं. ते पिवळं पडलं, काळवंडलं, आणि पुरातत्त्व खात्याला खरवडत बसावं लागलं. दीड हजार वर्षांची चित्रं टिकली होती. म्हातारं झालं ते व्हार्निश. (हे उदाहरण आपल्या विरोधात जातं. वापरू नका.)

पायरी ५ : बाजारभाव सांगा

२०२१ साली 'सुपर मारिओ ६४'चा एक सीलबंद डबा लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेला. हा खेळ खेळायचा तर डबा फोडावा लागेल, आणि फोडला की भाव कोसळेल. याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

खबरदारी

काही खेळ खरोखरच विटतात, आणि ते उगाच जपण्यात अर्थ नाही. सीडी आली तेव्हा खरे नट चित्रित करून केलेल्या खेळांची लाट आली होती. 'अगदी सिनेमासारखं' एवढंच त्यांचं भांडवल होतं. ते दोन-चार वर्षांत आटलं. नवेपणावर विकलेली वस्तू नवेपणाबरोबर संपते, त्यात काळाचा दोष नाही.

काळ खरा घाव घालतो तो यंत्रावर. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळत नाहीत, असं तिथल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली दाखवून दिलं. 'प्रिन्स'चा मूळ कोडसुद्धा हरवलेलाच होता. २०१२ साली मेकनरच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉप्या सापडल्या, जाणकारांनी त्या वाचल्या, आणि मेकनरने तो कोड सगळ्यांसाठी खुला केला. आमच्या पद्धतीने चालणाऱ्यांनी असल्या फ्लॉप्या दिसताच भंगारात द्याव्यात. कलाकृती नाहीशी झाली की तिला शिळी म्हणायला कुणाचीच हरकत नसते.

शेवटी एक सूचना. खेळ आज ब्राउझरवरही चालतो, त्यामुळे वाद घालताना कुणीतरी "आत्ता खेळून दाखव" म्हणेल. नाही म्हणा. आणि हो म्हणायची खुमखुमी आवरलीच नाही, तर एक तास मोकळा ठेवा. त्याहून जास्त वेळ तो कुणालाच देत नाही.