एवढा खटाटोप कशाला?

गोरेगाव पूर्वेला, आरेच्या झाडीला लागून, सरकारने 1977 साली एक नगरी वसवली. इथल्या देवळात देव मुक्कामाला नसतो. कथेला लागेल तो टेम्पोतून येतो आणि पॅकअप झालं की आल्या वाटेने परत जातो. राजवाडे समोरूनच पाहावेत. मागे गेलात तर प्लायवूड, बांबू, सुतळी आणि महाराजांच्या सिंहासनाआड डबा खाणारा सुतार. परवापर्यंत जिथे दरबार भरत होता तिथे आज पोलीस चौकी उभी राहते, आणि चार दिवसांनी तीही जाते. हे सगळं पोटासाठी चाललंय, असं म्हणून विषय मिटवता येतो, आणि ते खोटंही नाही. पण अशाच एका वाड्याच्या खांबावर, कॅमेऱ्याचा डोळा ज्या बाजूला कधीच वळणार नव्हता तिथे, कुणीतरी वेलबुट्टीची एक ओळ काढून ठेवलेली मी पाहिली आहे. त्या ओळीची मजुरी कोणत्या व्हाउचरवर चढली असेल?

या नगरीला आज दादासाहेब फाळक्यांचं नाव आहे, आणि ते शोभतं. चित्रपटासाठी भांडवल हवं, तर आधी काहीतरी करून दाखवायला हवं, म्हणून 1912 साली त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोज थोडं थोडं त्याचं चित्रण केलं. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटाभरात उरकली. घरात पोरंबाळं, विम्याच्या पॉलिसी गहाण, पुढे सरस्वतीबाईंचे दागिनेही त्याच वाटेने गेलेले, आणि कर्ता पुरुष वाटाण्यासमोर कॅमेरा लावून बसलेला! शेजारपाजारच्यांनी काय काय म्हटलं असेल ते इतिहासाने नोंदवलेलं नाही, पण आपल्याला सहज ऐकू येतं. वाटाणा काय, तसाही उगवतोच. आमटीत पडेपर्यंत त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, एवढंच.

चित्रनगरीच्या शेजारीच, आरेच्या जंगलात, वारल्यांचे पाडे आहेत. या लोकांचं चित्र मुळात लग्नापुरतं. तिकडे डहाणू-तलासरीकडे लग्न निघालं की सवाशिणी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. बांबूची काडी दातांनी चावून तिचं टोक मऊ करायचं, की झाला कुंचला. चौकाच्या मधोमध पालघाट देवी बसते, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, मग लग्न लागतं. वऱ्हाड पांगलं की त्या चित्राला काच नाही, चौकट नाही. चुलीचा धूर आणि पावसाळा त्याचं काय करायचं ते करतात. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन तिथे पोचले आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तो कागद जवळ केला. हा गृहस्थ लग्न नसतानाही चित्रं काढायचा! त्यांच्याबद्दल सांगतात की लहानपणी आई गेली आणि पोरगं बोलेनासं झालं. काही सांगायचं असलं की धुळीत बोटाने रेघा ओढायचं. पुढे पद्मश्री मिळाली, चित्रं साता समुद्रापार गेली. पण कला कशाला म्हणून कोणी विचारलं, तर मला त्या पद्मश्रीआधी ती धूळ आठवते.

आता वारली चित्रांतला तारप्याचा नाच आमच्या इमारतीच्या लॉबीतही चालतो. विनाइलवर छापलेला, धुता येणारा. नर्तकांचं वर्तुळ विजेच्या मीटरच्या दारापाशी तुटतं आणि दाराच्या पलीकडे पुन्हा जुळतं, त्यामुळे मधली चार माणसं कायमची मीटरमध्ये अडकली आहेत. सोसायटीच्या सभेत यावर कोणी बोलत नाही. मी मात्र लिफ्टची वाट पाहताना त्या चौघांची विचारपूस करतो.

आरेची दूध वसाहत 1949 सालची. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर काढावेत आणि मुंबईला धड दूध मिळावं हा तिचा हेतू. दारा खुरोडी त्या कामामागे होते. दूध काचेच्या बाटलीत यायचं आणि बाटलीला चंदेरी पातळ झाकण असायचं, त्यावर रंगीत पट्टे. सरकारच्या दृष्टीने झाकणाचं काम बाटली उघडली की संपलं. आमच्या आजीच्या दृष्टीने ते तिथून सुरू व्हायचं. दुपारी भांडी आटोपली की ती झाकण पाटावर उलटं ठेवून अंगठ्याच्या नखाने एकेक सुरकुती मोडायची. कडेची चुणी मात्र तशीच राखायची, कारण पाकळ्या तिच्यातूनच निघायच्या. मग सुईने भोक, दोन झाकणांमध्ये स्ट्रॉचा तुकडा, आणि दिवाळीपर्यंत चौकटभर तोरण. त्याला दुधाचा किंचित आंबूस वास यायचा. सकाळचं ऊन त्यावर पडलं की समोरच्या भिंतीवर उजेडाचे ठिपके पळायचे, आणि आमच्या दीड खोलीत एक वाट चुकलेली आकाशगंगा पाणी भरायच्या वेळेपर्यंत थांबायची. "मुंग्या येतील," आजोबा म्हणायचे. "ही शोभा कशाला?" आजी मान वर न करता म्हणायची, "एवढी चांगली झाकणं, टाकवत नाहीत हो." कलेवर मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली, काहींत झोपलोही, पण त्या उत्तरात मला अजून खोट सापडलेली नाही. खांबावर वेलबुट्टी काढणाऱ्यालाही उरलेला रंग असाच टाकवला नसेल.

तुमच्याही घरात कपाटाच्या माथ्यावर असा एखादा डबा असेल: बटणांचा, लग्नपत्रिकांवरून कापलेल्या गणपतींचा, चॉकलेटच्या चांद्यांचा. दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याच्या पोत्यात जाण्याआधी, ज्याचा आहे त्याला एकदा विचारा. आणि "हे कशाला?" तेवढं विचारू नका, "अजून हव्यात का?" असं विचारा.