बेडरूममधला बागाईतदार

विरार पश्चिमेला रात्री दहानंतर कुठल्याही नव्या टॉवरखाली उभं राहून मान वर करा. सगळ्या खिडक्या पिवळ्या-पांढऱ्या आणि एकच जांभळी दिसली, की समजावं, तिथे बेडरूममधला बागाईतदार राहतो. वय पन्नाशीचं, अर्धं आयुष्य विरार फास्टच्या दारात लटकून गेलेलं. गावची जमीन भावाकडे, आणि भावाशी बोलणं बंद. अशा माणसाला एके रात्री मोबाइलवर खोलीत केशर पिकवणारा कोणीतरी दिसतो आणि घरातली पाहुण्यांची खोली कायमची जाते.

केशराचे कंद महाग, म्हणून सरावाला आधी भाजी. त्याच्याही आधी सामान. लाल-निळे एलईडी (पानांना मुख्यतः हेच दोन रंग लागतात, हे तो दूधवाल्यालाही समजावतो), भिंतींना चंदेरी कागद, टायमर, एक्झॉस्ट, हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र. पावसाळ्यात वसई-विरारची हवा दमट असते हे कळायला दोरीवरचा न वाळलेला टॉवेल पुरतो, पण टॉवेलावर आकडे येत नाहीत. टँकर आला की बाकीचे लोक पाणी किती आलं ते बघतात. हा मीटर बुडवून क्षार किती ते बघतो आणि टँकरवाल्याला आकडा वाचून दाखवतो. टँकरवाला पाइप गुंडाळत राहतो. बियाणं सगळ्यांत शेवटी येतं, तेही बायकोने आठवण केली तर.

रिक्षाच्या अंतरावर निर्मळ, गास, भुईगाव. तिथल्या वाड्यांत बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या भाजी पिकते. तिथला शेतकरी ऊन फुकट वापरतो, हे आमच्या बागाईतदाराला थोडं अशास्त्रीय वाटतं.

नवखा पहिलं पीक मायेनेच मारतो. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, मध्ये कामावरून फोन करून पाणी. मुळांनाही हवा लागते हे ती कुजल्यावर समजतं. दुसऱ्या खेपेला दिवा फार उंच. रोपं उजेडाकडे धावून काटकुळी होतात आणि मान टाकतात. मग दिवा खाली येतो आणि पानं करपतात. वाऱ्याने हलल्यावर खोड बळकट होतं, हे मात्र त्याने पक्कं धरलेलं. म्हणून वीज गेली की सारं घर गॅलरीत आणि हा अंधाऱ्या खोलीत, बनियनवर, लग्नपत्रिकेने रोपांना वारा घालत बसलेला.

अखेर अंबाडी लागली. बायको लातूरकडची, तिला अंबाडीच्या भाजीवाचून पावसाळा सुना. पण अंबाडीचं पान दिसतं कसं? एका देठावर पंजासारखी लांबट, दातेरी बोटं. वर जांभळा उजेड, रात्रभर पंखा, बंद दार. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दारातून फोटो काढून मोबाइलला विचारलं, तर उत्तर आलं ‘हिबिस्कस कॅनाबिनस’. ते ‘कॅनाबि’पर्यंत वाचून थांबले, त्याचा ‘कॅनाबिस’ म्हणजे गांजा केला आणि कमिटीची तातडीची सभा भरली.

इथे गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण बागाईतदार अभ्यास केल्याशिवाय बोलत नाही. त्याने 1985 चा अमली पदार्थांचा कायदाच समजावला : गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, शेंडे सोबत नसतील तर नुसतं पान आणि बी गांजाच्या व्याख्येत येत नाही, पण झाड लावणं हाच गुन्हा, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. सभेत शांतता पसरली. निरपराध माणसाला एवढं ठाऊक असतं का, हे प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं.

सोडवलं बायकोने. तिने तिथेच कात्री चालवली, भाजी हाटली, वरून लसणाची फोडणी ओतली आणि भाकरीबरोबर कमिटीपुढे ठेवली. आंबट लागताच ट्रेझररने डोळे मिटून संशय मागे घेतला. भाजी मात्र माणशी दोन घास पुरली. सगळ्या मोसमाचं पीक तेवढंच होतं.

सगळे गेल्यावर सेक्रेटरी लिफ्टपाशी घुटमळले. “काका, आपलं सहज विचारतो हां. समजा, ते खरंच तसलं असतं, तर एका खोलीत किती निघालं असतं?”

बागाईतदाराने चष्मा लावला, खिशातून पेन काढलं आणि लाइट बिलाच्या पाठीवर आकडेमोड सुरू केली. दिवे, पंखा, टँकर, खत. दोनदा बेरीज तपासली.

“नाही हो सेक्रेटरीसाहेब, नाही परवडत. युनिटचा दर बघा ना.”