पायथॉनचं रुखवत

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचं जुनं ब्रीद आहे: बॅटरी आतच आहे, वेगळी आणायला नको. भाषा इन्स्टॉल केलीत की सोबत तिची स्टँडर्ड लायब्ररी येते. येते ती रुखवतासारखी. टेबल भरलेलं, पाहुणे खूश, आणि रात्री भात लावायचा म्हटलं की कुकर शेजारून आणायचा.

मांडणी तर पाहा. पडद्यावर रेघा ओढत फिरणारं कासव आहे. ‘अँटिग्रॅव्हिटी’ नावाचं मॉड्यूल आहे. ते बोलावलं की ब्राउझर उघडतो आणि एक इंग्रजी व्यंगचित्र दिसतं. ‘धिस’ नावाचं आणखी एक आहे. त्यात टिम पीटर्स यांची सुवचनं आहेत, कोड कसा सुटसुटीत आणि स्पष्ट असावा याबद्दलची. त्या मॉड्यूलची फाइल उघडलीत तर प्रत्येक अक्षर तेरा घरं सरकवून सगळा मजकूर सांकेतिक करून ठेवलेला सापडेल. (हा विनोद मुद्दाम केलेला आहे. सरकारी परिपत्रकं तो नकळत करतात.)

आता रोजचं काम. इंटरनेटवरून एखादं पान आणायचंय. त्यासाठी लायब्ररीत ‘यूआरएललिब’ आहे, आणि तिच्याच अधिकृत माहितीत शिफारस आहे ‘रिक्वेस्ट्स’ची. म्हणजे बाहेरच्या पॅकेजची. दुकानदारानेच समोरच्या दुकानाकडे बोट दाखवावं, इतका प्रामाणिकपणा हल्ली दुर्मीळ.

वेळेचा घोळ तर फारच लांबला. तारीख-वेळेचं मॉड्यूल 2003 मध्ये आलं. त्यात टाइमझोनसाठी चौकट होती, टाइमझोन मात्र एकही नव्हता. भारताचे साडेपाच तास ज्याचे त्याने लिहून घ्यायचे. 2011 मध्ये ठरावीक फरकाचे झोन मिळाले. ‘एशिया/कोलकाता’ असं नाव घेऊन वेळ विचारायची सोय व्हायला 2020 उजाडलं, आणि विंडोजवर झोनची माहिती आजही बाहेरून आणून घालावी लागते. या सगळ्या काळात सन मायक्रोसिस्टिम्सच्या पद्धतीच्या ध्वनिफाइली वाचणारं मॉड्यूल आत सुखाने नांदत होतं. ती कंपनी 2010 मध्ये ओरॅकलच्या पोटात गेली. मॉड्यूल 2024 पर्यंत टिकलं.

आत शिरायला योग्य वेळी एक उत्साही माणूस पुरला असावा. बाहेर काढायला मात्र प्रस्ताव लागतो, चर्चा लागते, वर्षानुवर्षं आधी सूचना द्यावी लागते. ‘मेलेल्या बॅटऱ्या’ काढण्याचा प्रस्ताव 2019 चा. मंजुरी 2022 ची. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या 3.13 आवृत्तीत 19 मॉड्यूलं एकदाची गेली. त्यात टेलनेट होतं, यूजनेट होतं, सीजीआय होतं. आणि गेली म्हणजे तरी काय? ध्वनी हाताळणारं ‘ऑडिओऑप’ गेलं आणि डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरचे कितीतरी बॉट चालेनासे झाले. मग कुणीतरी तेच मॉड्यूल बाहेरचं पॅकेज करून परत आणलं.

टेबल रिकामं ठेवणं बरं, असंही नाही. जावास्क्रिप्टवाल्यांनी ते करून पाहिलं. शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारं अकरा ओळींचं ‘लेफ्ट-पॅड’ मार्च 2016 मध्ये त्याच्या लेखकाने रागाने मागे घेतलं, आणि जगभरच्या प्रकल्पांची बांधणी तिथल्या तिथे थांबली. शिवाय बाहेरचं काही उतरवायला बंदी असलेल्या कार्यालयात बसणाऱ्याला विचारा: त्याला सीएसव्ही, जेसन आणि एसक्यूलाइट ही तीन मॉड्यूलं म्हणजे पगार. तेव्हा पसारा परवडला, असंच मी म्हणेन.

फक्त तो कुणाच्या घरासाठी मांडलाय, ते लपत नाही. एक कोटी लिहायला सांगा, पायथॉन एका स्वल्पविरामाच्या खुणेवर 10,000,000 लिहून देतं. 1,00,00,000 हवं असेल तर ‘लोकेल’ नावाच्या मॉड्यूलकडे अर्ज करायचा, आणि तोही मंजूर होणार तुमच्या यंत्रावर भारतीय लोकेल, म्हणजे इथल्या लिहिण्याच्या रीतींचा संच, बसवलेलं असेल तरच. आडनावांची यादी लावायला सांगा. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. युनिकोडच्या कोष्टकात तो ल च्या पाठोपाठ बसलाय, आणि पायथॉनची साधी क्रमवारी कोष्टकच पाहते. त्यामुळे कावळे, काशीकर, काळे अशी हवी असलेली यादी काळे, कावळे, काशीकर अशी हाती येते. दुरुस्तीला पुन्हा त्याच लोकेलची मनधरणी, नाहीतर बाहेरचं पॅकेज.