सातपुड्याचा प्रस्तरवीर

नंदुरबार, शहादा आणि तळोदा या गावांतील नोकरदार वर्गात जो एक पुरुषप्रकार अधूनमधून आढळतो, त्याला येथे सोयीसाठी 'प्रस्तरवीर' म्हटले असून, प्रस्तरारोहण, म्हणजे उभ्या कातळावर हातापायांच्या बळावर चढणे आणि दोराचा उपयोग केवळ पडल्यास वाचण्यापुरता करणे, हा त्याचा छंद आणि त्या छंदाविषयी बोलणे हा त्याचा व्यवसाय, अशी त्याची स्थूल व्याख्या करता येईल. पगार त्याला शाळेकडून, बँकेकडून किंवा एखाद्या सरकारी कार्यालयाकडून मिळतो, परंतु हा तपशील तो स्वतः दुय्यम मानतो. वय पस्तिशीच्या पुढचे असते. पोट या व्याख्येत बसत नाही, पण पट्ट्यात बसवले जाते.

या प्रकाराची उत्पत्ती बहुधा जिल्ह्याबाहेर होते. शिक्षणासाठी किंवा पहिल्या नोकरीसाठी मुंबई-पुण्याकडे काढलेल्या दोन-तीन वर्षांत कोणीतरी त्याला खंडाळ्याच्या नागफणीवरून दोराने खाली सोडलेले असते. दोरावरून पाय टेकवत उतरण्याच्या या क्रियेला रॅपलिंग म्हणतात आणि तीत चढण्याचा अंश जवळजवळ नसतो. तथापि पुढील आयुष्यात ही हकीगत 'नागफणी केली' एवढ्या दोनच शब्दांत सांगितली जात असल्यामुळे ऐकणाऱ्याला दिशेचा उलगडा होत नाही, आणि तो होऊ देण्याची घाई प्रस्तरवीरालाही नसते.

बदली होऊन किंवा घरच्या ओढीने तो नंदुरबारला परततो, तेव्हा त्याच्या मनात एक भौगोलिक तक्रार घर करून बसते. सुळका, म्हणजे मुख्य डोंगरापासून सुटा झालेला उभा कातळस्तंभ, हा महाराष्ट्रातील आरोहकांचा मानबिंदू होय. परंतु मनमाडजवळची हडबीची शेंडी काय किंवा जीवधनचा खडा पारशी काय, नावाजलेले सुळके सारे दक्षिणेकडे सह्याद्रीच्या वाट्याला गेले आणि सातपुड्याच्या पदरी लांबलचक कडे, खोल दऱ्या व गवताळ उतार आले, हा निसर्गाने केलेला पक्षपात त्याला अनुशेषाच्या प्रश्नाइतकाच गंभीर वाटतो. अक्राणी तालुक्यातील अस्तंभ्याचे शिखर सुमारे १,३२५ मीटर उंच आहे आणि कळसूबाई १,६४६ मीटर. या दोहोंमधील ३२१ मीटरांचे अंतर तो ज्या स्वरात सांगतो, त्या स्वरात इतर लोक भावकीतल्या वाटणीविषयी बोलतात. त्याच्या समाधानाची एक बाब मात्र इतिहासात सापडते. महाराष्ट्राचे गिर्यारोहक सुरेंद्र चव्हाण यांनी एव्हरेस्टवर पाऊल ठेवले ते १९९८च्या मे महिन्यात, आणि धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला तो त्याच वर्षी १ जुलैला. या दोन घटनांचा परस्परसंबंध कोणत्याही इतिहासकाराने दाखवलेला नाही. प्रस्तरवीराला तो उघड दिसतो.

त्याच्या साधनसामग्रीचा विचार केल्याविना हे चित्र पुरे होणार नाही, कारण वर्षातील बहुतेक दिवस आरोहण साधनांपुरतेच चालू असते. कंबर आणि मांड्यांभोवती आवळायच्या पट्ट्यांचा हार्नेस, दोर अडकवण्यासाठी उघडझाप होणारी धातूची कडी म्हणजे कॅराबिनर, तळव्याला चिकटून बसणारे रबरी बूट, आणि हाताचा घाम शोषणारी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड, असा हा संसार असतो. बूट मापापेक्षा घट्ट घ्यायचे असतात, म्हणून घातलेल्या वेळेपेक्षा काढून बोटे चोळत बसलेला वेळ अधिक भरतो. पुडीला आरोहक मंडळी चॉक म्हणतात. आठवड्याचे सहा दिवस ज्याचे हात फळ्याच्या खडूने पांढरे झालेले असतात, असा शिक्षक सातव्या दिवशी त्याच रंगाची पूड दाम मोजून मागवतो, तेव्हा त्याच्या घरातील जाणती माणसे काही बोलत नाहीत, कारण बोलून झालेले असते.

घरातील खरा संघर्ष दोरावरून होतो. आरोहणाचा दोर नायलॉनचा आणि ताणला जाणारा असतो. पडणाऱ्याचा झटका त्या ताणात जिरावा व कमरेत बसू नये, हा त्यामागील हेतू. अशा दोरावर पाय देऊ नये, कारण बारीक खडे आतल्या धाग्यांना कापतात, आणि तो उन्हात ठेवू नये, कारण सूर्यप्रकाशाने नायलॉन कमजोर होते, हे नियम जगभर पाळले जातात. परिणामी घरातील सर्वांत थंड, सावलीची आणि हवेशीर जागा दोराला मिळते, आणि ती पूर्वी आजीची असते. नंदुरबार ही मिरचीची मोठी बाजारपेठ असून गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर, म्हणजे लाल मिरची वाळत घालण्याच्या मोकळ्या पटांगणांवर, हंगामात जी धूळ उडते ती सावली-ऊन असा भेद करीत नाही. तिचे काही कण दोरात मुरतात. पुढे कड्याच्या मध्यावर, एक हात खाचेत आणि दुसरा हात घाम पुसण्यासाठी डोळ्यांकडे गेलेला असताना, प्रस्तरवीराच्या डोळ्यांतून जे पाणी वाहते त्याचे श्रेय सोबती निसर्गसौंदर्याला देतात.

प्रत्यक्ष आरोहणासाठी तो शहाद्यावरून तोरणमाळची वाट धरतो. सुमारे साडेअकराशे मीटर उंचीच्या या पठारावर यशवंत तलाव आणि सीताखाईची दरी पाहण्यास पर्यटक येतात. प्रस्तरवीर त्यांच्याकडे पाठ करून एखादा आठ-दहा मीटरांचा कातळ निवडतो. येथील खडक बेसाल्टचा, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास थरांवर थर साचलेल्या लाव्हाचा असून कठीण थरांच्या मध्येमध्ये ठिसूळ, मुरमाड थर येतात. आरोहणशास्त्रात चांगली पकड हाती येणे हे यशाचे लक्षण समजतात. सातपुड्यात ती पुष्कळदा अक्षरशः हातात येते आणि मग टाकायची कोठे हा प्रश्न खाली उभ्या असलेल्यांना पडतो. कपारींतून आग्यामोहोळे लटकत असतात. त्यांच्या बाबतीत शास्त्र आणि लोकव्यवहार यांत मतभेद नाही: पोळे दिसले की आवाज न करता, अत्तर न लावता, आणि शक्य तर न येता परत जावे.

या विद्येची जी पद्धत प्रस्तरवीराला मानवते तिचे नाव टॉप रोप. तीत दोर आधी माथ्यावरच्या झाडाला किंवा भक्कम खडकाला बांधलेल्या कॅराबिनरमधून ओवून त्याची दोन्ही टोके खाली सोडतात. आरोहक त्याच्या एका टोकाला अडकतो आणि दुसरे टोक खालचा सोबती सांभाळतो, ज्याला बिले देणे म्हणतात. पद्धत सुरक्षित आहे, नवशिक्यांसाठी जगभर मान्य आहे, आणि तिची उपेक्षा करण्याचे काहीच कारण नाही. अडचण एवढीच की दोर बांधायला आधी कोणीतरी माथ्यावर जावे लागते. तेथे जाणारी पायवाट कड्याच्या मागून जाते, हे कड्याच्या माथ्यावर शेळ्या राखत बसलेला पावरा समाजातील मुलगा सांगतो. प्रस्तरवीर तीवरून दहा मिनिटांत वर पोहोचतो, दोर बांधतो, छायाचित्र घेतो, पुन्हा खाली येतो आणि ज्या ठिकाणी तो नुकताच उभा होता त्याच ठिकाणी पोहोचण्यासाठी अर्धी सकाळ झगडतो. मुलाने हा सारा व्यवहार शांतपणे पाहिलेला असतो. "सर, वर काही विसरले का?" हा त्याचा प्रश्न चेष्टेचा नसून उपलब्ध पुराव्यांवरून काढलेला तर्क असतो, आणि विसरलेली वस्तू आणून देण्याची त्याची तयारीही असते. मोहाच्या झाडावर विनासायास चढणाऱ्या या मुलाला प्रस्तरवीर तीन आधार सोडू नयेत, म्हणजे दोन हात व दोन पाय यांपैकी एका वेळी एकच हलवावा, असा मौलिक नियम समजावतो; मुलगा तो नियम ऐकत ऐकत, एका हातात काठी धरून, कड्याच्या कडेने उतरून येतो.

चढाईची श्रेणी ठरवणे हा त्याच्या आनंदाचा दुसरा आणि कमी धोक्याचा भाग होय. अमेरिकेतील योसेमिटी या दरीच्या नावाने ओळखली जाणारी श्रेणीपद्धत दशांशात लिहितात. ती ५.९ पर्यंत जाऊन थांबेल अशी योजना होती, पण त्याहून अवघड कडे चढले जाऊ लागल्यामुळे पुढे ५.१०, ५.११ असे आकडे आले, आणि ५.१० हे ५.९ पेक्षा मोठे ठरले. गणित शिकवणाऱ्या प्रस्तरवीराची यात जी कोंडी होते ती हृदयद्रावक आहे: शुक्रवारी याच उत्तरासाठी त्याने सातवीच्या मुलाचा गुण कापलेला असतो आणि रविवारी हेच उत्तर तो मित्रांना पटवून देत असतो. त्याने चढलेल्या कड्याची श्रेणी परतीच्या प्रवासातही वाढत राहते, आणि शहाद्यापर्यंत तिच्यात दोन अंकांची भर पडते.

टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली या खेळाचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा घरातील वादात त्याला एक अस्त्र मिळाले. हे अस्त्र २०२४ मध्ये पॅरिसने काही अंशी बोथट केले, कारण तेथे पंधरा मीटरांची भिंत पुरुष स्पर्धकांनी पाच सेकंदांच्या आत चढलेली घरातल्या सर्वांनी दूरदर्शन संचावर पाहिली. आजीने अहिराणीत फक्त एवढेच विचारले, "आन् तुले सकायपासून का लागस रे भाऊ?"

दिवाळीत भरणारी अस्तंभ्याची यात्रा हा या प्रकाराच्या अभ्यासासाठी उत्तम काळ. कपाळावरची जखम घेऊन अश्वत्थामा या डोंगरांत तेल मागत फिरतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी येथील श्रद्धा असून हजारो भाविक रात्रीच्या अंधारात शिखर चढतात. प्रस्तरवीर त्यांत कपाळाला दिवा बांधून सामील होतो, आणि हे प्रस्तरारोहण नसून केवळ पदभ्रमण आहे, असा खुलासा मार्गात भेटणाऱ्या प्रत्येकास करतो. ज्यांना तो खुलासा करतो त्या बायाबापड्या तोपर्यंत पुढे गेलेल्या असतात, कित्येकदा अनवाणी, कडेवर मूल घेऊन. मोबाइलमधील नकाशावर त्याचा पूर्ण भरवसा असतो. बॅटरी संपल्यानंतर अश्वत्थाम्याविषयीची त्याची मते अधिक उदार झालेली दिसतात.

दोर न वापरताही जुना होतो, ही या छंदातील करुण बाब आहे. नायलॉन कालांतराने कमजोर पडत असल्यामुळे कितीही जपलेला दोर दहा वर्षांनंतर आरोहणासाठी वापरू नये असे उत्पादक सांगतात, आणि पुढच्या हंगामात लीड करीन, म्हणजे वरून आधार न घेता स्वतः दोर नेत चढेन, असे म्हणण्यात ही दहा वर्षे निघून जातात. निवृत्त दोराला मग गावात मोठी मागणी येते. मिरचीच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॉलीवर तो आवळला जात असताना प्रस्तरवीर स्वतः हजर राहतो आणि आठाच्या आकड्याची गाठ कशी मारावी, ती ताणाखाली का सुटत नाही, हे ट्रॅक्टरचालकाला दोनदा करून दाखवतो. चालक आदराने सगळे पाहतो, "बरोबर आहे, सर," म्हणतो, ती गाठ सोडतो आणि आपली मारतो.