होऊ घातलेले वकीलसाहेब

हा गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असणार. पन्नाशी उलटल्यावर, बँकेतली नोकरी सांभाळून, तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घेतलेला. लॉच्या सीईटीला वयाची अट नसते, हे आमच्या शेजारच्या काकांना ज्याने सांगितलं, तो मला एकदा भेटायला हवा आहे.

तेव्हापासून काकांशी साधं बोलणं बंद. दूधवाल्याने पाणी घातलं, "४२०!" जिन्यात कुणी कचरा टाकला, "२९०!" तळमजल्यावरचं कुत्रं मोकळं सुटलं, "२८९!" भारतीय दंड संहितेची ५११ कलमं त्यांनी पहाटे गॅलरीत येरझाऱ्या घालत घोकली. आमची खिडकी तिथेच असल्याने निम्मी मलाही पाठ झाली.

आणि १ जुलै २०२४ला ती संहिताच गेली! भारतीय न्याय संहिता आली, ३५८ कलमांची. काका आठवडाभर सुतकात होते. आता कुत्रं सुटलं की ते "२८९" म्हणतात, थबकतात, डोळे मिटतात आणि मग जाहीर करतात, "म्हणजे आताचं २९१!" तोवर कुत्रं चावून घरी गेलेलं असतं.

परीक्षेला गेले, तर पर्यवेक्षक खुर्चीतून उठले आणि मागच्या बाकांवरच्या चिठ्ठ्या खिडकीबाहेर गेल्या. भरारी पथकाने खिशातून हॉलतिकीट काढलं आणि आपला नंबर शोधू लागलं. निकाल लागला: कौटुंबिक कायद्यात एटीकेटी. काकू म्हणाल्या, "प्रात्यक्षिक असतं, तर मीही नापासच केलं असतं."

"या वयात कशाला हे?" असं जिन्यात कुजबुजणारे आम्हीच, रात्री दहाला भाडेकरार नाहीतर बिल्डरची नोटीस घेऊन काकांची बेल वाजवतो. बँक आणि कॉलेज करून आलेला माणूस जेवण बाजूला सारून कागद वाचतो. फी विचारायची कुणाला आठवण होत नाही. वर्गातली पोरंही परीक्षेआधी त्यांच्याच वह्यांच्या झेरॉक्स काढतात. पण वर्गाच्या एकाही फोटोत काका नाहीत. फोटो काढायला त्यांनाच सांगतात.

नोकरीत असेपर्यंत वकिली करता येत नाही. म्हणजे निवृत्तीनंतर सनद, साठीत कुणाच्या तरी हाताखाली ज्युनियर. मी विचारलं, "तिशीतल्या सीनियरची बॅग धरून कोर्टात उभे राहाल?"

"राहीन की. गुडघे शाबूत आहेत अजून."

सोमवारी एटीकेटीचा पेपर आहे. सोसायटीतल्या मंडळींनो, तोवर तरी रात्री त्यांची बेल वाजवू नका. भाडेकराराला पुढचा आठवडा चालेल.