कोण म्हणतं देणार नाही?

बँक युनियनचा शाखा प्रतिनिधी व्हायला फारसं काही लागत नाही. निवडीच्या सभेला गैरहजर राहिलं की पुरे. मी तसाच झालो. वर्गणी गोळा करायची, वेतन कराराची पत्रकं वाटायची आणि द्वारसभेत मूठ वळून ओरडायचं. यातलं तिसरं मला फार छान जमायचं.

मग २०१६चा नोव्हेंबर आला. आठ तारखेच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा गेल्या, दहाला बँका उघडल्या आणि आमच्या तालुक्याच्या शाखेपुढची रांग एसटी स्टँडला वळसा घालून गेली. बदलून मिळायचे आधी चार हजार, मग साडेचार, मग दोन. नवा नियम आम्हाला गिऱ्हाईक सांगायचं, कारण टीव्ही त्याच्या घरी होता. दोन हजारांची कोरी नोट दिली की पुढचा प्रश्न ठरलेला, "हिचे सुट्टे?" शंभराच्या नोटा आल्याच तर इतक्या मळक्या, की मोजायचं मशीन त्या थुंकून टाकायचं. मग कॅशियर बाई हाताने मोजायच्या. त्यांच्या अंगठ्याची कातडी सोलवटली होती. संध्याकाळी कॅश टॅली होईना, तेव्हा कमी पडलेले पैसे स्वतःच्या पर्समधून भरायच्या. वर दिवसभर ऐकायच्या, "आमच्याच पैशासाठी भीक मागायला लावता!" गिऱ्हाईक खोटं बोलत नव्हतं, हीच पंचाईत. फक्त पत्ता चुकला होता.

युनियनच्या मागण्या चोख होत्या: पुरेशी रोकड आणि शाखेला बंदोबस्त. बंदोबस्ताला एक होमगार्ड आला. तोही रांगेत उभा राहिला.

एके दुपारी रोकड संपली. शटर अर्धं ओढलं, तशी बाहेर बोंब उठली. बाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही युनियनचे ना? मग बोला की जाऊन!" त्यांची वर्गणी मी कधी एक दिवस उशिरा घेतली नव्हती. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

शटरखालून वाकून पायरीवर आलो, घसा खाकरला. "बंधू-भगिनींनो, काउंटरवरचा कर्मचारीसुद्धा..." इथवर बरं चाललं होतं. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "कोण म्हणतं देणार नाही?"

द्वारसभांची सवय वाईट. मूठ आपोआप वर गेली आणि बँकेच्या पाटीखाली, गळ्यात बँकेचं ओळखपत्र घालून, मी सगळ्यांच्या वरताण ओरडलो, "घेतल्याशिवाय राहणार नाही!"

गर्दी क्षणभर चाट पडली. मग टाळ्या पडल्या आणि मॅनेजरशी बोलणी करायला जनतेने आपला प्रतिनिधी म्हणून मलाच आत ढकललं.

केबिनपर्यंत जाताना मेमोचाच विचार. चौकशी लागली तर कर्मचाऱ्याची बाजू युनियनचा माणूस मांडू शकतो, तशी करारात सोय आहे. शाखेत तो माणूस मीच.

मॅनेजरांनी चष्मा काढला. "मागणी काय?"

"शंभराच्या नोटा."

"माझीही तीच आहे. करन्सी चेस्टला सकाळपासून फोन करतोय." त्यांनी नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. "मघाशी बाहेर ओरडलात ना, तसंच ओरडा."