बेल आयकॉन दाबायला विसरू नका

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक गीतकार राहतात. नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण हाक ‘चॅनल’ अशीच. लिफ्टमध्ये भेटले की ‘काय म्हणताय’ वगैरे नाही, थेट “सबस्क्राइब केलंत का?” दूधवाल्यानं केलंय, इस्त्रीवाल्यानं केलंय. चेअरमन थकलेला मेंटेनन्स मागायला वर गेले आणि बेल आयकॉन दाबून खाली आले. मेंटेनन्स राहिला तो राहिलाच.

२०२४ मध्ये संजू राठोडची ‘गुलाबी साडी’ जिकडेतिकडे वाजू लागली, तेव्हापासून यांची झोप उडालीय. “जळगावकडचा पोरगा स्वतः लिहितो, स्वतः गातो. मग आपल्या ठाकुर्लीला काय धाड भरलीय? गावाचं नाव एकदा रेल्वेच्या पॉवर हाऊसनं काढलं, आता मी काढतो.”

हिशेब तोंडपाठ. जाहिरातीचे पैसे हवेत तर १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघितलं गेलं पाहिजे. गाणं तीन मिनिटांचं, म्हणजे ८०,००० वेळा, तेही शेवटपर्यंत. वहिनी सहकारी बँकेत होत्या. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “मी एकटीनं रात्रंदिवस ऐकलं तरी १६७ दिवस. झेपायचं नाही हो.”

मी सुचवून पाहिलं, की चोळे गावातल्या एखाद्या हळदीला जा. आगरी लग्नात धवलारीण धवले म्हणते तेव्हा अख्खा मांडव समोर असतो, कुणाला घंटी दाबायला सांगावं लागत नाही. तर म्हणाले, “त्यात रीच नाही.”

खरी अडचण खिडकीची. ती रुळांवर उघडते. फास्ट लोकल ठाकुर्लीला थांबत नाही, पण गप्पही जात नाही. म्हणून रेकॉर्डिंग रात्री दीडनंतर, वहिनींच्या कपाटात तोंड खुपसून. साड्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. पण लोकल निजल्या तरी मालगाड्या जाग्याच असतात.

गेल्या श्रावणात विरहगीत ऐन रंगात आलं होतं. त्यांनी सूर लांबवला आणि नेमका समेवर मालगाडीनं भोंगा दिला. त्यांच्या मुलानं तेवढाच तुकडा शॉर्ट म्हणून टाकला. सकाळी अकरा हजार व्ह्यूज! खाली कॉमेंट : ‘डब्ल्यूएजी-९ ना?’ ‘नाही दादा, डब्ल्यूएजी-१२चा भोंगा आहे.’ ‘पूर्ण भोंगा टाका, गाणं कापा.’ चाळीसेक लोक चॅनलला जोडले गेले, सगळे इंजिनांचे षौकीन. आणि शॉर्ट्सच्या फीडमधला वेळ त्या ४००० तासांत धरतच नाहीत, हे कळलं ते दुपारी.

दोन दिवस त्यांनी कुणालाही सबस्क्राइब करायला सांगितलं नाही. लिफ्टमध्ये चक्क “जेवलात का?” म्हणाले. आम्ही हादरलो.

काल रात्री दीडला पाणी प्यायला उठलो, तर वर दिवा होता. कल्याणकडून मालगाडी येत होती. यांनी खिडकी सताड उघडली होती, मोबाईल बाहेर धरला होता, आणि गाणं अजून सुरू व्हायचं होतं.